घरांतील मोड : एका अदृश्य ठेव्याचा इतिहास

(नभोवाणीवरील भाषण)

नाशिकजवळ जोगळटेंभी नांवाचें एक खेडें आहे. तेथें १९०६ सालीं चांदीच्या नाण्यांचा एक मोठा ठेवा सांपडला. त्यांत तेरा हजारांहून अधिक नाणीं होतीं. तीं क्षत्रप नहपानाचीं. परंतु त्यांपैकीं नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्र सातकर्णीनें आपला छाप पुन्हां मारलेला होता. नाणें जुन्या राजाचें, छाप नव्या राजाचा! या एका ठेव्यावरून नहपानाची सत्ता कोणीं उलथून टाकली हें इतिहासकारांस निश्चितपणें सांगतां आलें. अशा ठेव्यांचें मोल मोठें असतें आणि त्यांस संग्रहालयांत मानाची जागा मिळते.

मला आज ज्या ठेव्याविषयीं बोलावयाचें आहे, त्यास असा मान कधींच मिळाला नाहीं. तो ठेवा आपल्या घरींच होता. उतरंडीच्या तळच्या मडक्यांत, डाळीच्या डब्यांत, देव्हाऱ्यामागील कोनाड्यांत, मातीच्या गल्ल्यांत किंवा लुगड्याच्या पदराच्या गांठींत तो असे. बाजार करून उरलेला पैसा, भाऊबिजेची ओवाळणी, ताक विकून आलेला आणा, पाहुण्यानें जातांना मुलाच्या हातावर ठेवलेली चवली, असा हा संग्रह होय. त्यास कोणी मोड म्हणत, कोणी चिल्लर म्हणत. जुन्या पिढीचा शब्द खुर्दा. घराच्या जमाखर्चाच्या वहींत त्याची नोंद नसे. तथापि दुखणें-बाणें आलें, मुलाची फी भरावयाची राहिली, अथवा दारीं अवचित पाहुणा आला, म्हणजे हाच खुर्दा पुढें होऊन घराची अब्रू राखी.

या खुर्द्याचा इतिहास पाहूं गेलें असतां एकच प्रश्न पुनःपुन्हां आडवा येतो. तो म्हणजे, हा पैसा कोणाचा? दिसावयास हा प्रश्न लहान आहे. परंतु शास्त्रकारांनीं तो विचारला, इंग्रजी कायद्यानें विचारला, देशभक्तांनीं विचारला आणि युद्धाच्या काळीं सरकारनेंहि विचारला. प्रत्येकाचें उत्तर निराळें आहे. तीं उत्तरें आपण क्रमानें पाहूं.

श्रीमंतांचा पैसा प्राचीन काळींहि घरांत पडून राहत नसे. नाशिकच्या लेण्यांतील एका शिलालेखांत नहपानाचा जांवई उषवदात यानें तीन हजार कार्षापण विणकरांच्या श्रेणींकडे ठेविल्याची नोंद आहे. त्यांतील दोन हजार एका श्रेणीकडे दरमहा शेंकडा एक या व्याजानें आणि एक हजार दुसऱ्या श्रेणीकडे दरमहा शेंकडा पाऊण या व्याजानें ठेविले. मुद्दल परत द्यावयाचें नाहीं. केवळ व्याज भिक्षूंच्या वस्त्रांसाठीं व इतर गरजांसाठीं द्यावयाचें, अशी व्यवस्था होती. म्हणजे सुमारें एकोणीसशें वर्षांपूर्वीं आपल्या या गोदातीरीं कायम ठेव होती, व्याजाचे दोन दर होते आणि करार दगडावर कोरलेला होता. परंतु ही सोय तीन हजार कार्षापण एकदम देऊं शकणाऱ्याची. त्याच काळीं बाजारांत शिशाचीं व हलक्या मिश्रधातूचीं लहान सातवाहन नाणीं फिरत होतीं. ज्याच्या हातीं तींच काय तीं येत, त्याच्यासाठीं शिलालेख कोण कोरणार? त्याची पेढी म्हणजे घरांतलें मडकें.

आतां त्या मडक्यावर मालकी कोणाची तें पाहूं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायांत स्त्रीधनाचे सहा प्रकार सांगितले आहेत. विवाहाच्या अग्नीसमोर मिळालेलें, सासरीं जातांना मिळालेलें, प्रीतीनें दिलेलें, आणि भाऊ, आई व बाप यांजकडून आलेलें, असे ते सहा होत. हें धन तिचें. परंतु त्याच अध्यायांत थोडें पुढें दुसरें एक वचन आहे. अनेकांच्या सामाईक कुटुंबद्रव्यांतून स्त्रियांनीं सांठा करूं नये, आणि पतीच्या द्रव्यांतूनहि त्याच्या संमतीवांचून करूं नये, असा त्याचा आशय आहे. श्रोत्यांनीं या वचनाकडे नीट लक्ष द्यावें. जी गोष्ट कोणी करीतच नाहीं तिचा निषेध करण्याची गरज शास्त्रकारास भासत नाहीं. निषेध आहे, त्या अर्थीं सांठा होत होता. घरखर्चांतून चार नाणीं बाजूस काढण्याची गृहिणीची रीत किती जुनी आहे याचा हा उत्तम पुरावा होय.

यांतून मोठी गमतीची स्थिति उत्पन्न होते. भाऊबिजेला भावानें तबकांत टाकलेला रुपया गाडग्यांत गेला, तर तो निर्विवाद स्त्रीधन. त्याच गाडग्यांत बाजारांतून उरलेला पैसा गेला, तर तो वादग्रस्त. एकाच मडक्यांत दोन कायद्यांचा पैसा, आणि आंत पडल्यावर कोणता कोणता हें ओळखावयाचें कसें? मडक्यानें तो वाद कधीं मानला नाहीं. पुढें बाराव्या शतकाच्या सुमारास चालुक्यांच्या कल्याणीस विज्ञानेश्वरानें मिताक्षरा लिहिली, तींत स्त्रीधनाची व्याख्या बरीच व्यापक केली. तरीहि घरांतील पुरुष विचारील तर उत्तर काय द्यावयाचें हा प्रश्न शास्त्राच्या पोथीनें सुटण्याजोगा नव्हता. तो सुटे मौनानें. खुर्दा अदृश्य असे तो यासाठींच. त्याला लोभ म्हणणें किंवा चोरी म्हणणें हा अन्याय आहे. ज्या घरांत बाईच्या हातीं हिशेब नव्हता, त्या घरांत तिच्या विवेकानें राखलेला हा एकमेव पैसा होता.

आतां नाण्यांकडे वळूं. शिवछत्रपतींनीं तांब्याची शिवराई पाडली. तिच्या एका बाजूस ‘श्री राजा शिव’ आणि दुसरीकडे ‘छत्रपति’ हीं अक्षरें असत. राज्यें आलीं, गेलीं. परंतु पेशवाई बुडाल्यानंतरहि कित्येक वर्षें दख्खनच्या बाजारांत शिवराई चालत होती. त्या काळीं ठिकठिकाणचीं नाणीं वेगवेगळीं असल्यामुळें एक नाणें देऊन दुसरें घेतांना सराफ कांहीं रक्कम कापून घेई. तो बट्टा. नांवाला बट्टा लागला असें आपण आज म्हणतों, तो हाच सराफकट्ट्यावरचा शब्द. कंपनी सरकारनें १८३५ सालीं १८० ग्रेन वजनाचा एकसारखा रुपया सुरू केला. रुपयाचे आणे सोळा, पैसे चौसष्ट, पया एकशें ब्याण्णव. अधेली म्हणजे आठ आणे, पावली म्हणजे चार आणे, चवली म्हणजे दोन आणे. पंतोजींच्या शाळेंत मुलें पावकी, निमकी, पाउणकी, सवाकी, दिडकी अशा उजळण्या घोकीत, त्यांचा उपयोग हाच. बाजारांत उभ्या उभ्या पावणेतीन आण्यांचे सात नग किती, हें कागदावांचून सांगतां आलें पाहिजे. शाळेंत न गेलेल्या बायकाहि हा हिशेब बोटांच्या पेरांवर बिनचूक करीत.

रोज एक पैसा बाजूला टाकला तर वर्षाअखेर किती जमेल? ३६५ पैसे, म्हणजे पांच रुपये, अकरा आणे, एक पैसा. रोज केवळ एक पै टाकली तर एक रुपया, चौदा आणे, पांच पै. रक्कम डोळ्यांत भरणारी नव्हे. परंतु ती अशा हातांची आहे, ज्यांस याखेरीज दुसरी रक्कम स्वतःची अशी ठाऊकच नव्हती. गोवऱ्या थापून, शेजारणीचें दळण दळून, कोंबडीचीं अंडीं विकून आणि कधीं स्वतःच्या जिभेला आवर घालून ती जमलेली असे.

या पैशाला घराबाहेर प्रथम अधिकृत जागा मिळाली ती एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत. सरकारी बचत पेढ्यांचा कायदा १८७३ सालीं झाला आणि १ एप्रिल १८८२ पासून टपाल कचेऱ्यांतून बचत पेढी सुरू झाली. त्या कायद्यांतील दोन कलमें मला फार महत्त्वाचीं वाटतात. एक असें कीं, अज्ञान मुलानें स्वतः ठेवलेली रक्कम त्या मुलाच्या हातीं देतां येईल. दुसरें असें कीं, विवाहित स्त्रीची ठेव तिची तिला देतां येईल. कायद्याच्या भाषेंत हीं दोन कोरडीं वाक्यें आहेत. परंतु मडक्याच्या इतिहासांत हीं क्रांतिकारक होत. ज्या पैशाचा मालक कोण हें शास्त्रानें संदिग्ध ठेवलें होतें, त्याच्यापुढें आतां मालकिणीचें नांव लिहितां येऊं लागलें.

तथापि नांव लिहितां येणें आणि लिहिलें जाणें यांत अंतर आहे. टपाल कचेरींत किमान चार आणे भरावे लागत. म्हणजे सोळा पैसे जमेपर्यंत मडक्याचाच आश्रय. शिवाय कचेरी तालुक्याच्या गांवीं. तेथें जावयाचें तर घरांतल्या पुरुषाबरोबर, आणि फॉर्मावर अंगठा उठवावयाचा तो त्याच्या देखत. त्यामुळें गुप्ततेचा जो एक मोठा गुण मडक्याच्या ठिकाणीं होता तो पेढीला आला नाहीं. पुस्तक बोलतें, मडकें बोलत नाहीं.

यानंतर देशानें या खुर्द्याला साद घातली. ती कथा महाराष्ट्राला भूषणावह आहे. विसाव्या शतकाच्या आरंभीं अंताजी दामोदर काळे नांवाच्या एका ध्येयवेड्या गृहस्थांनीं पैसा फंडाची कल्पना लोकांपुढें मांडली. प्रत्येकानें वर्षाला केवळ एक पैसा द्यावा आणि त्यांतून देशी उद्योग उभारावे, एवढीच ती कल्पना. श्रीमंतांच्या देणग्यांवर तिचा भर नव्हता. गणित करून पाहा: चौसष्ट माणसांनीं पैसा दिला कीं एक रुपया होतो, आणि लाख माणसांनीं दिला तर एक हजार पांचशें बासष्ट रुपये आठ आणे. एवढ्या थोड्या रकमेसाठीं लाख दारें ठोठवावयाचीं! व्यवहारी माणसानें हा उद्योग वेडेपणांत काढला असता. परंतु लोकमान्य टिळकांनीं त्यामागें आपलें वजन उभें केलें. लाख रुपये देणारा एक मनुष्य आणि लाख माणसांचा एकेक पैसा, यांत दुसऱ्याचें राष्ट्रीय मोल अधिक, हें त्यांस उमगलें होतें.

या पैशांतून १९०८ सालीं तळेगांव दाभाडे येथें पैसा फंडाचा काचकारखाना उभा राहिला. परदेशांत काचविद्या शिकून आलेले ईश्वरदास वार्ष्णेय यांनीं त्याची धुरा घेतली. तेथें नुसती काच होत नसे, काच करणारीं माणसेंहि तयार होत. त्या कारखान्यांत शिकलेले कारागीर पुढें देशांतील इतर काचकारखान्यांतून पसरले. भट्टी पेटवावी, वाळू वितळवावी, फुंकणीनें फुगा फुगवावा आणि त्यांतून कंदिलाची चिमणी घडवावी, हें ज्ञान आपल्या लोकांच्या हातीं येण्यास घराघरांतील तांब्याचे पैसे कारण झाले. उतरंडींतला पैसा तोवर घराची अब्रू राखीत होता, तो येथें देशाच्या अब्रूसाठीं बाहेर पडला. मागणाऱ्यानें तो दारीं येऊन, हात जोडून मागितला आणि देणारणीनें तो आपल्या हातानें उचलून दिला. हा पैसा कोणाचा, या प्रश्नास तें उत्तरच होतें; कारण जें आपलें असतें तेंच दान देतां येतें.

पुढें पेढीहि दारीं आली. उडुपी येथें १९२५ सालीं स्थापन झालेल्या कॅनरा इंडस्ट्रियल अँड बँकिंग सिंडिकेट या पेढीनें १९२८ सालीं पिग्मी ठेवीची योजना काढली. पेढीचा मनुष्य रोज घरोघर व दुकानोदुकानीं जाई आणि दोन आण्यांइतकी लहान रक्कमहि जमा करून घेई. या योजनेमागें डॉ. टी. एम. ए. पै यांची दृष्टि होती. लहान माणसाचा पैसा पेढीपर्यंत चालत येत नसेल तर पेढीनें त्याच्यापर्यंत चालत जावें, हें साधें तत्त्व त्यांनीं ओळखलें. आपल्या महाराष्ट्रांतील पतसंस्थांनीं हीच पद्धत उचलली आणि नांवासकट उचलली. कोल्हापुरापासून नगरापर्यंत कोणत्याहि बाजारपेठेंत ‘पिग्मीवाले आले’ असें म्हटलेलें भाजीवालीलाहि कळतें. भाजीवालीनें तें पुस्तक स्वतःच्या गल्ल्याच्या पेटींत ठेवलेलें असतें, हें विशेष.

येथवर खुर्द्यास मान मिळत गेला. दुसऱ्या महायुद्धानें मात्र त्याला आरोपीच्या पिंजऱ्यांत उभें केलें. फ्रान्स पडल्याची वार्ता १९४० च्या जूनमध्यें आली आणि लोकांनीं नोटा देऊन चांदीचे रुपये घेण्यासाठीं गर्दी केली. त्याच महिन्यांत भारत संरक्षण नियमांखालीं, गरजेपेक्षां अधिक नाणीं जवळ बाळगणें हा अपराध ठरविण्यांत आला. पुढें तांब्याची व निकेलची टंचाई पडली, मोड बाजारांतून नाहींशी झाली आणि दुकानदार सुट्या पैशांच्या जागीं टपालाचीं तिकिटें हातावर ठेवूं लागले. काठेवाडांतील जुनागढ, नवानगर, मोरवी या संस्थानांनीं तर पैशा-आण्यांचे कागदी तुकडे छापून वेळ निभावली. तोंच व्हिक्टोरिया राणीच्या छापाचे रुपये व अधेल्या १९४१ मध्यें चलनांतून काढण्यांत आल्या. ज्या आजीबाईंनीं राणीछाप रुपया म्हणून तो विश्वासानें जपला होता, त्यांस तो मुदतींत बदलून घ्या असें सांगावयास किती खेड्यांत कोण गेलें असेल?

व्यापाऱ्यानें पोतीं भरून नाणीं दडविणें आणि गृहिणीनें मडक्यांत मूठभर खुर्दा राखणें यांत जमीन-अस्मानाचें अंतर आहे. परंतु टंचाईच्या काळीं सरकारी नजरेला दोन्ही सारखींच दिसतात. शतकानुशतकें जिला काटकसर म्हणून शाबासकी मिळाली तीच गोष्ट एका रात्रींत सांठेबाजी ठरते, हें या प्रसंगानें दाखविलें. १९४३ सालीं भोकाचा पैसा निघाला तो धातु वांचविण्यासाठीं. त्या भोकांतून दोरा ओवून पैशांची माळ करतां येई. तेव्हां सरकारनें धातु वांचविला आणि बायकांनीं त्याच भोकाचा उपयोग पैसा सांठविण्याकडे केला!

या पैशाचें वजन कसें उतरत गेलें तेंहि मनोरंजक आहे. १८३५ नंतरचा तांब्याचा पैसा सुमारें साडेसहा ग्रॅमचा होता. १९०६ पासूनचा काशाचा पैसा पांच ग्रॅमहूनहि थोडा कमी. १९४३ चा भोकाचा पैसा सुमारें दोन ग्रॅम. १९५७ चा नवा पैसा दीड ग्रॅम, आणि १९६५ पासूनचा ॲल्युमिनियमचा चौकोनी पैसा अवघा पाऊण ग्रॅम. जुन्या पैशांत निदान तांबें होतें. वेळप्रसंगीं तांबटाकडे तरी तें चाललें असतें. शेवटच्या पैशांत सरकारच्या शब्दाखेरीज कांहींच उरलें नव्हतें. म्हणूनच तो शब्द पाळला जाणें अधिक महत्त्वाचें झालें.

१ एप्रिल १९५७ रोजीं दशमान नाणीं सुरू झालीं. रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि सोळा आण्यांचा हिशेब पूर्णांकांत बसेना. सरकारी कोष्टकाप्रमाणें एका आण्याचे सहा नवे पैसे, दोन आण्यांचे बारा, तीन आण्यांचे एकोणीस आणि चार आण्यांचे पंचवीस. मी शिक्षक असतांना हें उदाहरण मुलांस मुद्दाम घालीत असें: सोळा आणे एकेक करून बदलले तर किती मिळतील? सोळा सक शहाण्णव; म्हणजे रुपयामागें चार नवे पैसे बुडाले. उलट जुना पैसा एकेकटा दिला तर त्याचे दोन नवे पैसे होत. चौसष्ट पैशांचे एकशें अठ्ठावीस! मुलें हसत. परंतु ज्या घरांत आणेच सांठले होते, तेथील बाईला हा हिशेब समजावून देणारा कोणी होता कीं नाहीं, यावर तिचा नफा-तोटा अवलंबून होता. खुर्द्याच्या इतिहासांत अंकगणित हें स्त्रीचें शस्त्र आहे, तें येथें दिसतें. पुढें १ जून १९६४ पासून ‘नवा’ शब्द गळाला. ३० जून २०११ रोजीं पंचवीस पैशांचें व त्याखालील सारीं नाणीं कायद्यानें बाद झालीं. तेव्हां घरोघरच्या डब्यांतून निघालेलीं पांच, दहा, वीस पैशांचीं नाणीं मुलांच्या खेळांत गेलीं.

शाळांतून संचयिका चालत असत, त्यांची येथें आठवण होते. मुलांनींच मुलांसाठीं चालविलेली ती लहानशी पेढी. दहा पैसे, चार आणे अशा रकमा जमा होत, वर्गांतलाच एक विद्यार्थी नोंद करी. माझा अनुभव असा कीं, मुलांच्या रकमा कधीं मोठ्या, कधीं शून्य. मुलींच्या रकमा लहान, परंतु आठवडा चुकावयाचा नाहीं. सातवींतली एक मुलगी एकदां मजजवळ येऊन हळूच म्हणाली, “गुरुजी, माझें पुस्तक शाळेंतच राहूं द्या. घरीं दिसलें तर पैसे राहणार नाहींत.” मीं तें पुस्तक कपाटांत ठेवलें. त्यांत अठरा रुपये कांहीं पैसे होते. वर्षाअखेर तिनें ते काढून पुढच्या इयत्तेचीं पुस्तकें आणि वह्या घेतल्या. मनूचें वचन, १८७३ चा कायदा आणि उतरंडींतलें मडकें या तिहींचा अर्थ त्या मुलीच्या एका वाक्यांत सांठविलेला होता. बचत म्हणजे नुसता पैसा शिल्लक टाकणें नव्हे. शिल्लक राहिलेल्या पैशावर आपला शब्द चालणें, ही बचत होय.

गेल्या कांहीं वर्षांतील दोन-तीन गोष्टी सांगून मी आपलें बोलणें पुरें करतों. ८ नोव्हेंबर २०१६ रोजीं पांचशें व हजार रुपयांच्या नोटा रद्द झाल्याची घोषणा झाली. तोंवर महागाईमुळें मडक्यांतला खुर्दा जाऊन तेथें नोटा आल्या होत्या. त्या नोटा नवऱ्याला, मुलाला, सुनेला दाखवून बदलून आणण्याचा प्रसंग लाखों स्त्रियांवर आला. गृहिणींच्या अडीच लाखांपर्यंतच्या ठेवींची चौकशी होणार नाहीं असें सरकारनें जाहीर केलें. आयकर खात्याची चौकशी टळली. घरांतली चौकशी कशी टळावी? त्या धामधुमींत नाण्यांना मात्र धक्का लागला नाहीं. ज्या डब्यांत रुपया-दोन रुपयांचीं नाणींच होतीं, तो डबा निर्भय राहिला.

दुसरी गोष्ट समाधानाची आहे. १९९२ सालीं नाबार्डनें बचत गटांस बँकांशीं जोडण्याचा उपक्रम सुरू केला आणि पुढें महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांत गट उभे राहिले. दहा-वीस बायका महिन्याला ठरलेली लहान रक्कम जमवितात, त्यांतूनच एकमेकींस कर्ज देतात आणि मग बँकेकडे एकजुटीनें जातात. नीट पाहिलें तर हें जुनें मडकेंच आहे. फरक एवढा कीं तें आतां अंधारांत नाहीं. एकटीचा पैसा लपवावा लागतो. वीस जणींचा पैसा लपवावा लागत नाहीं. गुप्ततेनें जें रक्षण होत होतें, तें आतां संघटनेनें होऊं लागलें. या सबंध इतिहासांतील ही सर्वांत मोठी पायरी आहे असें मी मानतों.

तिसरी गोष्ट विचार करावयास लावणारी आहे. आतां भाजीचे अठरा रुपये मोबाईलवरून अठराच जातात. वीसची नोट नाहीं, परत आलेले दोन रुपये नाहींत, आणि म्हणून डब्यांत पडणारी मोडहि नाहीं. व्यवहार सोपा झाला हें खरें, आणि तो कोणीं नाकारावा असें मी म्हणणार नाहीं. परंतु प्रत्येक पैशाची नोंद होते, आणि ती नोंद ज्याच्या हातांत फोन त्याला दिसते. ज्या घरांत फोन एकच आणि तो पुरुषाच्या खिशांत, त्या घरांतील बाईचा दोन रुपयांचा ठेवा कोणाच्या लक्षांतहि न येतां नाहींसा झाला आहे. कोणी तो हिरावून घेतला नाहीं. तो उत्पन्नच होईनासा झाला.

तेव्हां श्रोतेहो, आपणांस माझी विनंती इतकीच. घरांतल्या बाईच्या आणि मुलाच्या नांवानें एक खातें असावें, आणि त्या खात्याचा हिशेब त्यांस कोणीं विचारूं नये. टपाल कचेरी असो, पतसंस्था असो कीं गट असो. पुस्तक त्यांचें, सही त्यांची आणि विनियोगहि त्यांचा. तळेगांवची भट्टी ज्या पैशानें पेटली तो पैसा कोणाच्या आज्ञेनें निघालेला नव्हता. ज्याचा त्यानें, आपखुशीनें दिलेला तो होता. आज सायंकाळीं घरीं डब्यांत चार नाणीं वाजलेलीं ऐकूं आलीं, तर तीं किती आहेत हें विचारूं नका. तीं आहेत, एवढें पुरे.